पाचवं गाणं

नांदेड
१४ ऑगस्ट २०००

आनंद्या,

जय भीम, सलाम, सगळं एकदमच घे. बातमीच तशी आहे. मेरिडियनचा नवा अल्बम आला! दुबईच्या मामूंनी सीडी आणली, बनियनच्या गठ्ठ्यात गुंडाळून. तीन वर्षं झाली ना पेल मेरिडियन गप्प होती? लोक म्हणत होते बँड मोडला. मोडला न्हाई. मी चार दिवस झाले दुसरं काही ऐकलंच नाही. अब्बा म्हणून राहिलेत की दुकानात कव्वालीची कॅसेट भरायला गिऱ्हाईक येतं अन् तुझा धिंगाणा ऐकून परत जातं.

अल्बमचं नाव ‘सॉल्ट टाउन’. मिठाच्या खाणीवर वसलेलं एक गाव, त्याची गोष्ट, पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत एकच. गाणारा आता किंचाळत नाही, गातो. कीबोर्ड वाढलाय. जुने लोक बोंबलणार, मला माहीत आहे. बोंबलू दे. माझ्या मते ह्यांचा आजवरचा सगळ्यात भारी अल्बम.

तुझी कॅसेट भरून ठेवलीय. उद्या सकाळच्या लातूर गाडीवर किशनराव कंडक्टर आहेत, त्यांच्याकडं देतो. स्टँडवर जाऊन घे. नव्वद मिनिटांची कॅसेट आहे, जागा उरली म्हणून शेवटी तुझ्या आवडीची जुनी तीन गाणी टाकलीत. शब्द माझ्या हातानं लिहून सोबत ठेवलेत, नेहमीसारखे.

अन् आपल्या ‘सात ठोके’चा दिवाळी अंक ह्याच अल्बमवर. समीक्षा तू लिहायची. दोन पानी झेरॉक्स का असेना, नांदेड-परभणी-लातूरची अडतीस माणसं वाचतात. अन् तुझं लिहिलेलं आधी वाचतात, माझं संपादकीय नंतर. जळतं माझं, पण खरं आहे.

बारावीचं वर्ष आहे, अभ्यास सोडून ऐकू नको. ऐक पण.

तुझा,
फरहान

---

लातूर
२९ ऑगस्ट २०००

फरहानमियां,

सलाम. कॅसेट मिळाली. किशनरावांनी ती डब्याच्या पिशवीत ठेवली होती, कव्हरला लोणच्याचं तेल लागलंय. चालतंय.

आता खरं सांगू का? रागावू नकोस. मला नाही आवडला.

रविवारी क्लासची टेस्ट एकला सुटते. मग आम्ही क्लासमधल्या हमजाच्या घरी जमतो, त्याच्याकडं चांगला डेक आहे. मी, हमजा, आणि माझा रूमवाला भीमाशंकर, निलंग्याचा. भीमाशंकर म्हणतो, गाणारा किंचाळत नाही तर मी ऐकू कशाला, आमच्या कीर्तनात काय वाईट आहे? हमजा तुझ्या बाजूचा. कीबोर्डवर फिदा आहे. दोघं असे भांडले की त्याच्या अम्मीनं चहा देता देता दोघांना झापलं.

माझं म्हणणं वेगळंच आहे. किंचाळणं, कीबोर्ड, मला कशाचंच वावडं नाही. पण गोष्ट कुठाय? चौथ्या गाण्यात गावाची जत्रा आहे, नाच चाललाय, बायका नवे कपडे घालून आल्यात. पाचवं गाणं चालू होतं अन् सगळं गाव पत्र्याच्या शेडमध्ये! का? आग लागली? पूर आला? कुणी हाकललं? एक शब्द नाही. अन् पाचव्याच्या सुरुवातीला गिटारवर एक धून येते, जणू ती आधी आपण ऐकलीय, तिची आठवण काढून राहिलेत. कुठं ऐकली? मी तीनदा मागं जाऊन शोधली. नाही.

हमजाची बहीण लायबा अकरावीला आहे. ती आतल्या खोलीतून ऐकते अन् हमजाकडून निरोप पाठवते. तिचा निरोप: पुस्तकाचं मधलं पान फाटल्यासारखं वाटतं. मला ते एकदम पटलं.

तुला काय दिसलं ह्यात, ते नीट लिही.

आनंदराज

---

नांदेड
७ सप्टेंबर २०००

आनंद्या,

तू आता लातूरकर झालास. सगळं स्टेप बाय स्टेप पाहिजे, प्रत्येक स्टेपला मार्क. अरे, गाणं आहे ते, फिजिक्सचं गणित न्हाई! सगळी गोष्ट सांगायचीच असते का? काही ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. गाव शेडमध्ये गेलं. गेलं म्हणजे काहीतरी झालंच असेल ना? पुढं ऐक. सातव्या गाण्यातली म्हातारी ऐक, शेडच्या दारात बसून नळाची वाट बघते ती. तिथं मला रडू आलं. तू ते सोडून ‘का गेले’ धरून बसलास.

नांदेडात सहा जणांनी ऐकला. चौघं माझ्या बाजूनं आहेत.

समीक्षेची घाई करू नको. वाटलं तर ह्या अंकात राहू दे, मीच काहीतरी लिहितो. तुझी टेस्ट सिरीज आहे.

फरहान

---

लातूर
२४ सप्टेंबर २०००

फरहान,

समीक्षा सोबत जोडली आहे. घाई नव्हती, पण तुझं पत्र वाचून डोकं फिरलं अन् एका बैठकीत झाली.

तू लिहितोस, समजून घ्यायचं. फऱ्या, पत्र्याच्या शेडमध्ये माणूस समजून घेऊन जात नाही. भूकंपानंतर आठ महिने मी राहिलोय, मामांनी नांदेडला आणेपर्यंत. तिथं जाण्याआधी काय होतं ते मला माहीत आहे, अन् म्हणूनच हे गाणं मला खोटं वाटतं. ह्या लोकांना शेडचा फोटो आवडला, म्हणून गाव नेऊन बसवलं शेडमध्ये. गाव पडलं कसं ते सांगायची त्यांची छाती झाली नाही. समीक्षेत मी हेच लिहिलंय: ‘मेरिडियन घाबरली.’ मथळाही तोच दे.

माहीत आहे, तुला आवडणार नाही. पण एक शब्द कापायचा नाही. इथं मला सगळे सांभाळून घेतात. कॉलेजच्या फॉर्मवर ‘भूकंपग्रस्त’ असा रकाना आहे, तो भरला की क्लार्कसुद्धा आवाज खाली करतो. सर रागवायला येतात अन् कुणीतरी कानात सांगितलं की थांबतात. आईचं कुणी विचारलं अन् मी सांगितलं की समोरचा विषयच बदलतो. ‘सात ठोके’मध्ये मी नुसता आनंदराज असतो, ज्याला ठोका कळतो. तेवढी एकच जागा आहे. तिथं माझं म्हणणं जसंच्या तसं गेलं पाहिजे.

आनंदराज

---

नांदेड
२० ऑक्टोबर २०००

आनंद्या,

अंक निघाला. तुझी प्रत सोबत आहे. एक शब्द कापला नाही. मथळा तोच.

परभणीच्या लोकांकडं अजून अल्बम पोचलाच नाही, त्यामुळं ते तुझंच वाक्य बोलत फिरून राहिलेत. ‘मेरिडियन घाबरली.’ नांदेडातल्या चौघांतला एक तुझ्या बाजूला गेला. म्हणाला, आनंदराज म्हणतो म्हणजे असणार काहीतरी.

दुकानात दिवाळीची गर्दी आहे. जास्त लिहीत नाही.

फरहान

---

लातूर
३१ डिसेंबर २०००

फरहान,

ईद मुबारक. आता ऐक.

ईदला हमजाकडं शीरखुर्म्याला गेलो होतो. भीमाशंकर होता. हमजाचा चुलतभाऊ पुण्याहून आला होता, इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडं ‘सॉल्ट टाउन’ची सीडी. माझं नाव ऐकून तो हसला. हमजानं त्याला अंक पाठवला होता. म्हणाला, “ ‘मेरिडियन घाबरली’वाला तूच का? पाचवं गाणं ऐकून तू हे लिहिलंस? कमाल आहे!”

मी म्हटलं, पाचवं म्हणजे शेडवालं. तो म्हणाला, शेडवालं सहावं.

भीमाशंकरनं त्याच्या सीडीमागची नावं बोटानं मोजली. दहा. मग आपल्या कॅसेटवरची तुझ्या अक्षरातली मोजली, जुनी तीन सोडून. नऊ. पाचवं गाणं ‘द ग्राउंड’, नऊ मिनिटांचं. गाव त्यात पडतं. जमीन खचते अन् आख्खं गाव आत जातं. मी ज्याच्यावरून बँडला भित्रा म्हटलं, ते तिथंच होतं. फक्त माझ्याकडं नव्हतं.

सगळ्यांसमोर हे झालं. पुणेवाला हसायचा थांबेना. मग हमजानं शब्दांचं पुस्तक उघडून त्या गाण्याचं पान वाचलं, माझ्याकडं बघितलं, अन् पुस्तक मिटलं. सीडी पण उचलून आत नेऊन ठेवली. पुणेवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तो लगेच मला म्हणाला, सॉरी हां भाऊ. मला हसणं चाललं असतं रे. हे सॉरी नाही चाललं.

अडतीस लोकांत माझं हसं झालं. तुला माहीत होतं अन् तू छापलंस. का? मला एवढंच पाहिजे.

आनंदराज

---

नांदेड
५ जानेवारी २००१

प्रिय आनंदराज,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. असं आहे की तेव्हा कॅसेटवर सगळं मावलं नाही. एक गाणं सोडावं लागलं, ते नेमकं हे निघालं. तुला सांगायचं राहूनच गेलं. माफ कर. पुढच्या अंकात खुलासा छापतो की चूक दुकानाची होती, तुझी नव्हती.

तुझा,
फरहान

---

लातूर
१० जानेवारी २००१

फरहान,

मावलं नाही म्हणून शेवटी जुनी तीन गाणी भरलीस?

आनंदराज

---

नांदेड
१६ जानेवारी २००१

आनंद्या,

बरोबर. पकडलंस. खोटंही मला धड बोलता येत न्हाई.

आता खरं लिहितो. आपण सातवीत होतो. दुकानात एका बँडबाजावाल्याचा मोठा स्पीकर दुरुस्तीला आला होता. अब्बांनी तो जोडून बघितला. खालचा आवाज घुमला, काउंटरवरच्या वाटीतले स्क्रू वाजले. तू स्टुलावर बसला होतास. उठलास अन् सरळ रस्त्यावर पळालास. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला नसता तर आज मी कुणाला पत्र लिहिलं असतं? तू दोन दिवस शाळेत आला नाहीस. आलास तेव्हा त्यावर बोलला नाहीस. मीही कधी काढलं नाही.

‘द ग्राउंड’ ऐकलं अन् मला आधी तो ट्रकच दिसला. तसाच आवाज आहे, खालून येणारा. तू लातुरात, रूमवर, घरापासून लांब. मी काय करणार होतो? अन् अब्बांना मी लहानपणापासून बघत आलोय. लग्नाची कॅसेट भरायला आली की ते रडकी गाणी न विचारता काढतात. विधवा बाई भजनं भरायला आली की आधी ऐकून नको ते वगळतात. म्हणतात, गिऱ्हाइकानं मागितलं ते द्यायचं, पण त्याला झेपेल तेवढंच द्यायचं. कुणी कधी तक्रार केली नाही. मीही तसंच केलं. पाचव्याला रेकॉर्डिंगचं बटण सोडलं, सहाव्याला दाबलं. शब्दांच्या कागदावर आकडे बदलले. नांदेडातल्या सहा जणांनाही तीच नऊ गाण्यांची कॉपी ऐकवली, कुणाकडून तुला कळू नये म्हणून. तू एवढा कान लावून ऐकशील हे लक्षातच आलं नाही, अन् समीक्षा तुला सांगून बसलो होतो. गाढवच मी.

मग तुझं लिखाण आलं. छापलं नाही तर तुझा शब्द मोडतो. छापलं तर खोटं छापतो. खरं सांगायचं तर गाण्याचंही सांगावं लागेल अन् ट्रकचंही. माझी हिंमत झाली नाही. भित्री मेरिडियन नव्हती, मी होतो.

गाणं मात्र अल्बममधलं सगळ्यात भारी आहे. ते गाळून मी अल्बमची वाट लावली, अन् तुझ्याशी भांडताना मला माहीत होतं की तू बरोबर आहेस. पाच महिने मी हरलेली बाजू मांडून राहिलो.

किशनरावांकडं नवी कॅसेट देतोय. दहाच्या दहा गाणी. ऐकायचं का नाही ते तू ठरव. नाही ऐकलंस तरी मी कुणाला सांगणार नाही. बोलायचं नसेल माझ्याशी तर तेही समजेन. पण वाईट वाटेल, लई वाईट वाटेल.

फरहान

---

नांदेड
२८ जानेवारी २००१

आनंद्या,

तुझं उत्तर नाही. मागायला लिहीत नाही. परवापासून टीव्हीवर भुज चालू आहे. अब्बा बघून राहिले होते, मी बंद केला, मग परत लावला. तू कुठं बघतोयस, कुणासोबत आहेस, एवढंच डोक्यात आहे. कसा आहेस? एक ओळ टाक.

फरहान

---

लातूर
४ फेब्रुवारी २००१

फरहान,

बरा आहे. पंचशीलाताई गावाकडून आली होती, दोन दिवस रूमवर राहून गेली. प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात आहेत.

भुजनंतर कॉलेजात शोकसभा झाली. सरांनी माइकवरून सांगितलं, त्र्याण्णवच्या भूकंपातली मुलं असतील तर त्यांनी पुढं येऊन बसावं. आम्ही अकरा जण निघालो. पुढं नेऊन बसवलं. भाषणं झाली. भूकंप काय असतो हे चार जणांनी सांगितलं, चौघंही त्या वेळी लातुरात नव्हते. आम्हाला कुणी विचारलं नाही. वाटलं असेल, पोरांना त्रास नको. सरांचा हेतू चांगला होता. तुझाही चांगलाच होता. तिथं बसल्या बसल्या तुझा लई राग आला, तेवढा महिनाभर आला नव्हता. कारण त्यांना माहीत नाही, तुला माहीत आहे मी कोण आहे.

रूमवर येऊन कॅसेट लावली. ताई होती. पहिल्यांदा दोन मिनिटं झाली अन् मी बंद केली. ताई म्हणाली, राहू दे की. मी म्हटलं, तू पण फरहानसारखीच. मग मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा आख्खं ऐकलं. दुसऱ्या दिवशी हमजाच्या डेकवर, सगळ्यांसमोर, आवाज मोठा करून. लायबा ह्या वेळी बाहेरच्या खोलीत येऊन बसली. कुणी मला काही म्हणालं नाही, अन् मीच हमजाला म्हटलं, बोला की रे काहीतरी, मयताला आलात का?

आता समीक्षा. आधीची मागं घेतो. अल्बम उभा आहे. शेडच्या गाण्यातली ती धून खऱ्या पाचव्यातलीच निघाली. शेडचं गाणं आता नीट लागतं, अन् तुझी नळावरची म्हातारी मलाही रडवून गेली. ‘घाबरली’ म्हणालो ते चुकलं, तसं छाप, माझ्या नावानं छाप. दुकानाचा खुलासा-बिलासा नको.

पण पाचवं गाणं बंडल आहे.

तू त्याला सगळ्यात भारी म्हणतोस. का नाही ते सांगतो. आवाज त्यांनी बरा केलाय, खालून येणारा, मान्य. पण तो आवाज खऱ्यात किती वेळ असतो माहीत आहे का? आमच्याकडं मिनिटभरसुद्धा नव्हता. हे लोक त्याच्यावर चार मिनिटं ढोल बडवतात अन् उरलेली पाच मिनिटं तो गिटारवाला सोलो वाजवत बसतो. आवाज थांबल्यावर काय असतं ते ह्यांना कुणी सांगितलं नाही. मी सांगतो, तुला आजपर्यंत सांगितलं नाही ते. धूळ इतकी की उजाडलं का नाही कळेना. अन् माणसं हाका मारत होती. रडत नव्हती, नुसती नावं घेत होती. बाबा ढिगाऱ्यापुढं उभे राहून एकेकाला हाक मारत होते. पंचशीला, म्हटल्यावर ताई ओ म्हणाली. आनंद, म्हटल्यावर मी ओ म्हणालो. महामाया, म्हटलं अन् कुणी बोललं नाही. मग राहुल, धाकट्याचं नाव, तिथंही कुणी नाही. बाबा परत पहिल्यापासून चालू करायचे, पंचशीलापासून, जणू क्रम चुकला होता. मी दुपारपर्यंत प्रत्येक वेळी ओ देत होतो.

‘द ग्राउंड’मध्ये आख्खं गाव जमिनीत जातं अन् कुणी कुणाला हाक मारत नाही. एकही नाव नाही त्या गाण्यात. म्हणून ते मला पोचलं नाही. भीती वाटली ती पहिली दोन मिनिटं, नंतर कंटाळा आला. हे समीक्षेत घाल, हाकांचं पण घाल, आईचं नाव घाल. हमजाला पटलं. भीमाशंकर म्हणतो सोलो चांगला आहे, अन् माझ्याशी अर्धा तास भांडला. लई बरं वाटलं.

तर तुझं सगळ्यात आवडतं गाणं मला त्या अल्बममधलं सगळ्यात वाईट वाटतं. आता तू काय म्हणतोस ते लिही. चिडून लिही. सांभाळून लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझा,
आनंदराज